घरचे फोटो चार कॉम्प्युटरवर विखुरलेत? कोकणातल्या हवेत ते टिकवायची सगळी पद्धत

आपल्याकडे बहुतेक घरांची परिस्थिती सारखीच असते. गावच्या घरात एक जुना डेस्कटॉप, त्यात पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यापासूनचे फोटो, मुंबईतल्या भावाच्या लॅपटॉपवर त्याच्या लग्नाचे नि मुलांचे, वहिनीकडे मॅक, पुण्याला शिकणाऱ्या पोरीकडे अजून एक लॅपटॉप, शिवाय घरात माणसं तेवढे फोन. आणि या सगळ्यांत तेच तेच फोटो थोडे थोडे सांडलेले. कोणाकडे काय आहे ते कोणालाच धड सांगता येत नाही, मग आजोबांचा एखादा बरा फोटो फ्रेम करायला हवा झाला की रात्री अकरा वाजता सगळ्यांना फोनाफोनी, आणि शेवटी व्हॉट्सॲपवरून आलेला पुसट फोटोच मोठा करून लावतात.

त्यात आपली हवा. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते तिथे डिस्क काय सुरक्षित राहणार. खारा वारा आहे, वळवाच्या विजा आहेत, लाईटचा लपंडाव आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या खणात ठेवलेली बॅकअप डिस्क एकाच पाण्यात जातात, म्हणजे बॅकअप असून नसल्यासारखा.

फोटोवाल्या लोकांत ३-२-१ असा एक नियम चालतो, पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिल्या दोन गोष्टी पैसे टाकले की होतात, अडतं ते घराबाहेरच्या कॉपीवर. पण कोकणी माणसाला खरं तर हे सगळ्यात सोपं आहे, कारण आपल्या घरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतंच आणि ते गणपतीला नि मे महिन्यात येतंच. त्या येण्याजाण्यावरच ही सगळी पद्धत बसवलेली आहे. एका कॉम्प्युटरवर मूळ लायब्ररी, बाकी सगळ्यांचे फोटो तिथे येणार, तिथून दोन डिस्कवर जाणार, एक डिस्क घरात आणि दुसरी चाकरमान्यांबरोबर मुंबईला.

आधी मूळ कॉम्प्युटर ठरवा

घरातला सगळ्यात नवा किंवा फास्ट कॉम्प्युटर असायची गरज नाही. ज्याच्यात जागा आहे आणि ज्याच्यासमोर जबाबदार माणूस रोज बसतो तो. गावात वर्षभर कोणी राहत असेल तर तिथला डेस्कटॉप चांगला, गावचं घर फक्त सुट्टीला उघडत असेल तर मूळ लायब्ररी मुंबईला ठेवा आणि पुढे मी जे सांगतोय ते उलट्या दिशेने करा. माणूसही एकच ठरवा. "सगळे मिळून बघू" असं ठरलं की कोणीच बघत नाही, हे सार्वजनिक गणपतीच्या हिशोबापासून आपल्याला माहीत आहे.

इथे एक घोळ बहुतेक घरांत झालेला असतो तो सांगून टाकतो. लॅपटॉपची जागा भरली म्हणून फोटो एक्सटर्नल डिस्कवर टाकले, लॅपटॉपवरून डिलीट केले, आणि आता "बॅकअप डिस्कवर आहेत" असं सांगतात. तो बॅकअप नाहीये. ती एकुलती एक कॉपी आहे, फक्त जागा बदललेली. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीच असेल आणि लायब्ररी एक्सटर्नल डिस्कवरच ठेवायला लागत असेल तरी हरकत नाही, पण मग ती डिस्क "मूळ" धरा आणि बॅकअपच्या दोन डिस्क तिच्याशिवाय घ्या.

जागेचा अंदाज असा काढा. प्रत्येक मशीनवरच्या फोटोच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, सगळ्यांची बेरीज करा, आणि दुप्पट करा. फोटो तसे लहान असतात, फोनचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबी, पण फोरके (4K) व्हिडिओ सेटिंगप्रमाणे मिनिटाला १७० पासून ४०० एमबीपर्यंत खातो. शिमग्याला पालखी नाचवतानाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ म्हणजे दहा जीबी कधी उडाले कळत नाही. बहुतेक घरांना २ टीबीची डिस्क काही वर्षं पुरते, व्हिडिओची हौस असेल तर ४ टीबी.

सगळं एका ठिकाणी ओढा

मूळ कॉम्प्युटरवर "फोटो" नावाचा एक फोल्डर, त्याच्या पोटात दोन, "आवक" आणि "लायब्ररी". बाहेरून येणारं सगळं आधी आवकमध्ये पडणार, निवडून-लावून झालं की लायब्ररीत जाणार. आवकमध्ये प्रत्येक मशीनच्या नावाचा फोल्डर करा, दादाचा लॅपटॉप, वहिनीचा मॅक, आईचा फोन, जुन्या सीडी, असं. आणि जे जसं आहे तसं कॉपी करा. या टप्प्यावर साफसफाई करायची नाही, हे फालतू ते फालतू म्हणून उडवायचं नाही, आणि कट-पेस्ट तर अजिबात करायचं नाही. मध्येच लाईट गेली किंवा केबल हलली की कट केलेल्या फाइलींचं काय होईल ते नशिबावर.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा म्हणजे वैतागायला होत नाही. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तासांच्या वर. तीच डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला लावली (बऱ्याच मशीनवर आतली पट्टी निळी असते) की दीड तासाच्या आत काम होतं. हजारो बारीक फायली असतील तर दोन्हीकडे जास्त वेळ धरा. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं पोर्ट सोयीचं वाटतं पण कित्येक जुन्या कॅबिनेटमध्ये ते हळू असतं, मागे वाकून लावा.

अँड्रॉइड फोन केबलने जोडला की फोनवर वरून नोटिफिकेशन खाली ओढून "फाइल ट्रान्सफर" निवडावं लागतं, नाहीतर फोन फक्त चार्ज होत राहतो आणि आपण कॉम्प्युटरला शिव्या घालतो. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सॲपचे वेगळे, नव्या फोनवर ते अँड्रॉइड फोल्डर, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा लांबलचक फोल्डर असे खोल गाडलेले असतात. ते वेगळ्या फोल्डरमध्येच उतरवा, का ते पुढे येतंय.

आयफोनवाल्यांनी फोटोच्या सेटिंगमध्ये "ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी" आहे तिथे "कीप ओरिजिनल्स" करावं, नाहीतर विंडोजवर उतरवताना मध्येच रूपांतर होतं आणि पुष्कळदा कॉपी अर्ध्यात अडकते. आणि त्याहून महत्त्वाचं, आयक्लाउडमध्ये "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू असेल तर फोनवर किंवा मॅकवर दिसतात ते सगळे फोटो खरे तिथे नसतातच, बऱ्याच फोटोंची छोटी प्रत असते आणि मूळ फाइल वर क्लाउडमध्ये. दिसायला सगळं आहे, कॉपी केलं की हाती चिल्लर. मॅकवर पुरेशी जागा करून आधी "डाउनलोड ओरिजिनल्स" करा, सगळं खाली यायला दोन-तीन दिवस लागले तरी लागू देत, आणि मग फोटोज ॲपच्या फाइल मेनूतून "एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल" ने बाहेर काढा.

गूगल फोटोजचंही तसंच. १ जून २०२१ च्या आधी "हाय क्वालिटी" मध्ये वाटेल तेवढं फुकट जायचं, म्हणून अनेकांनी फोनवरची "फ्री अप स्पेस" दाबून मूळ फोटो उडवले आणि आता वर जे आहे ते दाबलेल्या साइजमधलं आहे. तेही घरी आणा. गूगल टेकआउटमधून (आपला डेटा परत मागवायची गूगलची सोय) मागवलं की झिप फायली मिळतात, साइज विचारतं तेव्हा १० जीबीच्या ठेवा, ५० जीबीची झिप ९० टक्क्यांवर लाईट गेली की रडायची पाळी येते. झिप उघडल्यावर प्रत्येक फोटोबरोबर जेसन नावाची बारीक फाइल दिसेल. ती कचरा समजून फेकू नका, गूगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने तारीख सुधारली असेल तर ती सुधारणा त्या जेसनमध्येच असते, फोटोत नसते.

लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडी, बारशाच्या सीडी, त्याही याच फेरीत उतरवा. दमट हवेत त्यांच्यावर ढगाळ डाग पडायला लागतात आणि एकदा वाचेनाशी झाली की झाली. नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो, म्हणून जुना डेस्कटॉप भंगारात घालायच्या आधी हे काम उरका. जुन्या अल्बमचं स्कॅनिंग हा वेगळाच मोठा विषय आहे, इथे एवढंच सांगतो की पोस्टकार्ड साइजचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मागच्या बाजूला आजीने काही लिहिलं असेल तर ती बाजूसुद्धा स्कॅन करा, पुढच्या पिढीला माणसं त्यावरूनच ओळखता येणार आहेत.

नावं आणि तारखा

लायब्ररीत वर्षाचे फोल्डर, वर्षाच्या आत प्रसंगाचे. नाव असं, २०२३-०९-१९ गणपती आगमन. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काय ते. असं लिहिलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप ओळीने लागतं, १९-०९-२०२३ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या एकोणीस तारखा एकत्र येतात. नावातला मजकूर मराठीत ठेवलात तर विंडोज, मॅक, लिनक्स कुठेच अडत नाही, आकडे मात्र कायम एकाच प्रकारचे ठेवा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर अर्धे देवनागरी अर्धे इंग्रजी आकडे झाले की ओळ बिघडते. नावात विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ टाकू नका, मॅकवर ठेवलेलं असं नाव विंडोजच्या डिस्कवर जाताना अडकतं.

ज्यांचा प्रसंग कुठला ते आठवत नाही असे शेकडो फोटो निघणारच. त्यांच्यावर डोकं फोडू नका, २०१४-०५ इतर असा महिन्याचा फोल्डर करा आणि पुढे चला.

तारीख कुठून घ्यायची? कॅमेरा किंवा फोन प्रत्येक फोटोच्या आत काढल्याची तारीख-वेळ लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. फाइलवरची "मॉडिफाइड" तारीख बघू नका, ती एडिट केलं की बदलते आणि "क्रिएटेड" तर नुसतं कॉपी केलं तरी बदलते. डिजीकॅम नावाचा फुकट प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, तो एक्झिफप्रमाणे लावून दाखवतो. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरल्यावर घड्याळ मागे गेलेलं असतं, त्यामुळे २०११ च्या पूजेचे फोटो १ जानेवारी २००५ चे दिसतात, असा गठ्ठा डिजीकॅममध्ये निवडून एकदम पुढे सरकवता येतो.

आता व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि त्यातलं एक्झिफ काढून टाकतं. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती पाठवल्या-मिळाल्याची, काढल्याची नव्हे, काकाने २०१५ च्या सहलीचा फोटो काल ग्रुपवर टाकला तर तो कालच्या तारखेत बसतो. म्हणून ते वेगळे ठेवा म्हणालो. एचडी करून पाठवलं तरी थोडं दाबलं जातंच. घरच्यांना एकच सवय लावा, चांगला फोटो पाठवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा येतो. आईला हे शिकवायला दोन मिनिटं लागतात, काकांना दोन वर्षं.

डुप्लिकेट काढायला डूपगुरू आहे, फुकट आहे. आधी फक्त तंतोतंत सारख्या फायली शोधा, त्या बिनधास्त काढता येतात. "दिसायला सारखे" हा मोड मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय वापरू नका, तो एका जागी उभं राहून काढलेले पाच फोटो एकच समजतो आणि त्या पाचांतल्या एकातच आजीचे डोळे उघडे असतात. माझं मत विचाराल तर डुप्लिकेटच्या मागे फार लागूच नये. आणि काहीही डिलीट करायच्या आधी पुढचा टप्पा, म्हणजे निदान एका डिस्कवर सगळ्याची कॉपी, झालेला असू दे.

दोन डिस्क

एकाच साइजच्या दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हीत यायचा नाही. एसएसडी (आत काही फिरत नाही अशी डिस्क) फास्ट आणि पडली तरी टिकणारी, पण महिनोन्‌महिने करंटशिवाय कपाटात ठेवायला मला ती पटत नाही, एसएसडीत डेटा चार्जच्या रूपात असतो आणि तो चार्ज उन्हाळ्याच्या गरमीत हळूहळू गळतो. कपाटात ठेवायला साधी फिरणारी डिस्क बरी. पेन ड्राइव्हवर बॅकअप तर नकोच.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत: घरात सगळे विंडोजवाले असाल तर एनटीएफएस. एकही मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटची एक कमजोरी आहे, लिहिताना मध्येच डिस्क उपटली किंवा लाईट गेली तर एनटीएफएसपेक्षा लवकर बिघडते, म्हणून "सेफली रिमूव्ह" केल्याशिवाय काढायची नाही. फॅट३२ दिसलं तर लगेच बदला, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, लांब व्हिडिओ अडकतात. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

डिस्कना नावं द्या. माझ्याकडे एक भरती आणि एक ओहोटी. कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हचं नाव म्हणून तेच (इंग्रजी अक्षरांत), आणि वरून चिकटपट्टी लावून पर्मनंट मार्करने पण तेच. दोन काळ्या सारख्या डिस्क टेबलावर असल्या की कुठली ताजी हा घोळ शंभर टक्के होतो.

कॉपी करायला हाताने ओढून टाकू नका, दुसऱ्या वेळेपासून काय नवीन काय जुनं कळत नाही. फ्रीफाइलसिंक नावाचा प्रोग्राम घ्या, फुकट आहे. उघडलं की दोन बाजू दिसतात. डावीकडे मूळ "फोटो" फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचा "फोटो" फोल्डर. उजवीकडे ड्राइव्हचं अक्षर टाकलंत तर कधी ई होतं कधी एफ होतं आणि प्रोग्राम गोंधळतो, म्हणून अक्षराच्या जागी डिस्कचं नाव चौकोनी कंसात टाका, ते त्याला कळतं. वरच्या हिरव्या गिअरवर क्लिक करून "मिरर" निवडा, म्हणजे मूळ फोल्डरसारखीच हुबेहूब कॉपी डिस्कवर होईल.

मिररचा धोका असा की मूळमधून चुकून काही उडालं असेल तर पुढच्या वेळी ते डिस्कवरूनही उडतं. त्यासाठी त्याच पानावर डिलीट केलेल्या फायलींचं काय करायचं हा पर्याय आहे, तिथे "व्हर्जनिंग" करा आणि डिस्कवर "काढलेले" नावाचा एक फोल्डर दाखवा, नावापुढे टाइम स्टॅम्प लागू दे. आता उडालेली किंवा बदललेली फाइल पुसली न जाता त्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. मग "कंपेअर" दाबा आणि सिंक्रोनाइझ करायच्या आधी खाली किती नवीन, किती बदललेल्या, किती डिलीट होणार ते आकडे वाचा. महिन्याभरात दोनशे नवीन फोटो आले आणि डिलीट होणार पाच हजार असं दिसलं तर हात मागे घ्या, कुठेतरी फोल्डर हललाय किंवा काहीतरी बिघडलंय, ते शोधा. हे आकडे वाचायची सवय म्हणजे निम्मा बॅकअप. सगळं जुळलं की सेटिंग सेव्ह करून ठेवा, भरतीसाठी एक, ओहोटीसाठी एक.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर वीज पडली तरी जाते, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तरी जाते. तोच आक्षेप रेडवर (दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायची पद्धत) आणि घरच्या सर्व्हरवर. नॅसचा, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कचा, डबा घेऊन त्यात दोन डिस्क आरशासारख्या लावल्या की लोकांना सगळं झाल्यासारखं वाटतं, पण त्याने एक डिस्क मेली तर काम थांबत नाही इतकंच होतं, फोटो चुकून डिलीट केला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. हौस असेल आणि यूपीएस असेल तर घ्या, पण भरती-ओहोटीच्या ऐवजी नाही.

डिस्क मुंबईला कशी जाते

हे वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात. समजा भरती गावात आहे आणि ओहोटी मुंबईला दादाकडे. गणपतीला दादा येताना ओहोटी घेऊन येतो. ती जोडायची, सिंक करायची, दादाच्या लॅपटॉपवर मे महिन्यापासून साठलेले फोटो त्याच वेळी आवकमध्ये घ्यायचे. जाताना दादा भरती घेऊन जातो (तिच्यावरही त्या आठवड्यात सिंक झालेलं असतं) आणि ओहोटी गावात राहते. पुढच्या मे महिन्यात उलट. अदलाबदल झाली की दोन्ही डिस्क आळीपाळीने वापरात राहतात आणि एखादी हळूच मेली तर सहा-आठ महिन्यांत कळतं. तीच डिस्क कायम मुंबईच्या कपाटात पडून राहिली तर चार वर्षांनी गरज लागेल तेव्हाच कळेल की ती फिरतच नाहीये.

क्रम पाळा, आधी येणाऱ्या डिस्कवर सिंक, ते झालं, उघडून बघितलं, मगच जाणारी डिस्क बॅगेत. दोन्ही डिस्क एकाच वेळी एकाच गाडीत कधीच नको. हे काम आरतीच्या गडबडीत होत नाही, गौरी जेवल्या की दुपारी पोरं झोपतात तेव्हा लावून द्या. आणि डिस्क हातातल्या बॅगेत, कपड्याच्या घडीत, डिकीतल्या नारळाच्या पोत्याजवळ नाही. एसीच्या डब्यातून उतरून आलेली थंड डिस्क लगेच जोडू नका, आपल्या दमट हवेत तिच्यावर चष्म्यासारखं पाणी धरतं, दोन-तीन तास तशीच राहू द्या.

घराबाहेरची कॉपी म्हणजे खरंच बाहेर. चिपळूणच्या बाजारपेठेत राहणाऱ्याने शेजारच्या दुकानदाराकडे डिस्क ठेवली तर वाशिष्ठी नदी दोघांकडे एकदमच येते. मुंबईत कोणी नसेल तर घाटावरचे पाहुणे चालतील, रत्नागिरीत असाल तर वरच्या वाडीतलं सासर चालेल, नदी आणि लाईटची लाईन वेगळी हवी इतकंच.

डिस्क दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून पासवर्ड लावायचा का? फोटोच असतील तर मी लावत नाही, कारण माझ्यानंतर घरच्यांना तो पासवर्ड माहीत नसेल तर फोटो गेल्यातच जमा. पण सातबारा, आधार, पासबुकाचे स्कॅन लोक फोटोंच्या फोल्डरमध्येच टाकतात, ते आधी बाहेर काढा आणि वेगळ्या पासवर्डवाल्या ठिकाणी ठेवा.

पावसाळा आणि वीज

डिस्क ठेवायला रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातून निघणारी एक पुडी काही कामाची नाही, किलोवर मिळतं ते रंग बदलणारं जेल आणा आणि सुती कापडाच्या पुरचुंडीत मूठ-दोन मूठ बांधा. निळं जेल दमट झालं की गुलाबी होतं, पण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत भाजायचं नाही. म्हणून नारिंगी घ्या, ते ओलं झालं की हिरवट होतं. श्रावणात ऊन कुठलं मिळायला, ओव्हन असेल तर साधारण १२० डिग्रीला तास-दोन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतं, गार झालं की परत डब्यात. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर डब्यात टाकलात तर काटा ४०-५० टक्क्यांवर ठेवायचा, बाहेर त्या वेळी ९० असते. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही हाच डबा चालतो, तिच्या काचेवर बुरशी आधी येते. तांदूळ टाकू नका, त्याने पिठाची धूळ होते फक्त.

डबा जमिनीलगतच्या खणात नको, माळ्यावर पण कौलं गळत नाहीत अशा बाजूला. चालवून गरम झालेली डिस्क गार झाल्यावरच डब्यात. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा बाहेर काढून तासभर चालवा, नाहीतरी बॅकअप घ्यायचाच असतो. यूएसबीच्या टोकाला खाऱ्या हवेने हिरवट-पांढरं काही धरलेलं दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग लावा. निम्म्या वेळा "डिस्क बिघडली" म्हणतात तेव्हा केबलच गेलेली असते.

वीज ही पावसापेक्षा मे आणि ऑक्टोबरात जास्त त्रास देते. गडगडाट ऐकू आला की कॉम्प्युटरचा प्लग काढा, आणि इंटरनेटची वायरसुद्धा. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण वायफायच्या डब्याचा अडॅप्टर आणि तिथून कॉम्प्युटरला आलेली लॅन केबल तांब्याची असते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण बहुतेक असतं, ते चालू नसेल तर लाईट जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि त्याच वेळी कॉपी चालू असली तर फाइल अर्धवट. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, आपल्या कातळावर आणि जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

बाकीच्या कॉम्प्युटरवर बघायचे कसे

एकाच वायफायवर असाल तर लायब्ररीचा फोल्डर शेअर करा, पण "फक्त वाचायला". बघा, कॉपी करून न्या, बदलता मात्र येणार नाही. सगळ्यांना सगळीकडून बदल करता यायला लागले की मूळ कुठलं हेच राहत नाही. लांबच्या लॅपटॉपवर लायब्ररीची कॉपी हवी असेल तर सिंकथिंग नावाचा प्रोग्राम लावा, मूळ कॉम्प्युटरवर "सेंड ओन्ली" आणि बाकीच्यांवर "रिसीव्ह ओन्ली". फोटो एडिट करायला लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांनी कॅटलॉग एका मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवावा, नेटवर्कवरून तो उघडत नाही, आणि कॅटलॉगचाही बॅकअप घ्यावा, कारण एडिटिंग त्यात असतं.

क्लाउड हवं तर घ्या, चौथी कॉपी म्हणून. अपलोडचा स्पीड आधी तपासा, १० एमबीपीएस मिळत असेल तर १०० जीबी चढायला सलग २२ तास लागतात, आणि आपल्याकडे सलग २२ तास लाईट हा वेगळा विषय. गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि ड्राइव्ह धरून आहेत, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं ते काढून टाकू शकतात, म्हणून आजोबांच्या नावाने उघडलेल्या खात्यात फोटो ठेवून विसरू नका. निवडक पाचशे-हजार फोटो, जे गेले तर खरंच रडू येईल असे, ते तरी ओरिजिनल क्वालिटीत वर ठेवा, फोरके पालखी खालीच राहू दे.

बॅकअप उघडून बघणे, आणि डिस्क आजारी पडली तर

वर्षातून दोनदा अदलाबदलीच्या वेळी डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि वेगवेगळ्या वर्षांतले वीसेक फोटो पूर्ण मोठे करून बघा. थंबनेल दिसलं म्हणजे फोटो आहे असं नाही, खालचा अर्धा भाग करडा निघू शकतो. एखादा लांब व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून बघा. वर्षातून एकदा फ्रीफाइलसिंकमध्ये तुलना "कंटेंट" वर ठेवून रात्रभर लावून द्या, तेव्हा तो नुसत्या तारीख-साइजवर न जाता प्रत्येक फाइल आतून ताडून बघतो.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. निळं "गुड" असेल तर ठीक, पिवळं "कॉशन" झालं, "रीॲलोकेटेड" किंवा "पेंडिंग सेक्टर" चे आकडे वाढायला लागले, की ती डिस्क बदला, अजून चालतेय म्हणून थांबू नका. टकटक आवाज यायला लागला तर लगेच बंद, पुन्हा पुन्हा लावून बघितलं की उरलंसुरलं खरवडलं जातं.

आणि पुराच्या पाण्यात डिस्क भिजलीच तर ती कॉम्प्युटरला लावायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर नाही, स्क्रू खोलून आत बघायचं नाही. आतला चिखल वाळून प्लेटवर चिकटला की काम अवघड होतं, त्यामुळे रिकव्हरीवाले सहसा ओलसर ठेवूनच बंद पिशवीत आणायला सांगतात. त्यांना फोन करून तेवढं विचारा, खर्चाचा अंदाज आणि डेटा नाही मिळाला तर किती घेणार हे आधीच लिहून घ्या, रक्कम हजारांत जाते. दुसरी डिस्क मुंबईला असेल तर रिकव्हरीच्या मागेच लागू नका, दादाला फोन करून सांगा की ती डिस्क आत्ता कुठेही जोडू नको, नवीन डिस्क आणली की आधी तिची कॉपी काढू.